दुपारी एक दहापर्यंतची कुमारिका

"आज वार कोणता गं?" शरयूबाई मुळावकरांनी सुनेला विचारलं. शुक्रवारी सकाळचे सव्वानऊ वाजले होते.

"शुक्रवार, आई," शैलजा डबे घासता घासता म्हणाली.

"मग आज अष्टमी."

"नाही हो. अष्टमी उद्या. शनिवारी."

"शनिवारी नवमी. अष्टमी आज. अष्टमी म्हणजे काय तुमच्या ऑफिसातली मीटिंग आहे, उद्यावर टाकायला?"

शैलजाच्या हातातला डबा सिंकमध्ये पडला. तिची चूक होती, पण ती एकटीची नव्हती. अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या पंचांगात वार दोनच असतात, शनिवार आणि रविवार. गणपती शनिवारी येतात आणि रविवारी दुपारी जातात. संक्रांत जवळच्या रविवारी सरकते. इथल्या मराठी मंडळाने एका वर्षी कोजागिरी चक्क अमावास्येला केली होती, कारण हॉल त्या दिवशी रिकामा होता. आणि दूध पिताना वर चंद्र आहे की नाही हे कोणी बघितलंही नव्हतं! तेव्हा नऊ वर्षं ह्या देशात काढलेल्या शैलजाने 'नवरात्रातली अष्टमी' म्हटल्यावर डोळे झाकून शनिवार धरला, पाच मुलींच्या आयांना ईमेल पाठवली आणि निवांत झाली. सासूबाई अमरावतीहून येऊन दहाच दिवस झाले होते. त्यांनी सुनेवर विश्वास ठेवला, हे त्यांचं चुकलं.

आता इतर कोणाची अष्टमी असती तर 'देव भावाचा भुकेला' म्हणून भागलं असतं. शरयूबाईंचं तसं नव्हतं. त्यांचा मुलगा, म्हणजे शैलजाचा नवरा राजेश, वर्षाचा असताना त्याला जुलाब-उलट्यांनी असं धरलं की डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा शरयूबाई देवीपुढे बोलून बसल्या होत्या, पोरगं वाचू दे, माझे हातपाय चालतात तोवर दर अष्टमीला एक कुमारिका जेवू घालीन. पोरगं वाचलं. नुसतं वाचलं नाही, बेचाळीस वर्षांचं आणि नव्वद किलोंचं झालं. एकेचाळीस अष्टम्या झाल्या, एकही चुकली नव्हती. शरयूबाईंच्या हिशेबी राजेशचा जीव त्या खीर-पुरीवर टांगलेला होता, आणि हे त्या कोणाला पटवायच्या भानगडीत पडत नसत. त्या फक्त खीर करत.

शैलजाने राजेशला ऑफिसात फोन लावला.

"अगं मग शनिवारी कर ना यार," ज्याच्या जिवाचा प्रश्न होता तो म्हणाला. "मी मीटिंगमध्ये आहे."

मग अमरावतीला चारुदत्त गुरुजींना फोन गेला. तिथे रात्रीचे पावणेदहा झाले होते, गुरुजी जेवून आडवे झाले होते. त्यांनी उठून पंचांग काढलं, आकडेमोड केली आणि निकाल दिला, "तुमच्या तिथल्या घड्याळात अष्टमी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी संपते. त्याच्या आत पहिला घास तोंडात गेला पाहिजे. कुमारिका उठून हात धुवायला गेली आणि नवमी लागली, तर चालेल."

"चार तास आहेत," शरयूबाई म्हणाल्या आणि पदर खोचला. "लाव फोन. आण पोरगी."

शैलजा पुण्याची. ठरवलं की ठरवलं. तिने ऑफिसात कळवलं की आज येत नाही, आणि यादी काढून बसली. पहिला फोन राधिकाला. राधिकाची सावनी नऊ वर्षांची, दोन गल्ल्या सोडून राहणारी. कुमारिका म्हणून अगदी मापात बसणारी.

"अगं, मी बेलव्ह्यूला आलेय, क्लायंटकडे," राधिका म्हणाली. "स्कूलमधून तिला फक्त मी किंवा विवेकच पिकअप करू शकतो. कार्डवर आमचीच नावं आहेत. आणि विवेक सांता क्लाराला आहे, फोन उचलत नाहीये."

शैलजाने शाळेलाच फोन केला. ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मुलीला डॉक्टरकडे न्यायचंय का?"

"नाही. जेवायला."

"तिने डबा आणलाय."

"हो, पण हे धार्मिक जेवण आहे. आमच्याकडे."

"तुम्ही तिच्या कोण?"

"शेजारी."

"थँक यू फॉर कॉलिंग," बाई म्हणाल्या.

त्यानंतर सहा फोन झाले. दोघींच्या मुलींची टेस्ट होती. एकीची मुलगी फील्ड ट्रिपला गेली होती. पाळणाघरातली एक मिळण्यासारखी होती, पण तिला मधेच घरी न्यायचं तर आदल्या दिवशी सांगावं लागायचं. एका घरात सगळ्यांना उलट्या चालू होत्या. राहता राहिली आठ महिन्यांची एक. तिची आई आनंदाने तयार झाली, पण शरयूबाईंनी मान हलवली.

"दात नाहीत तिला. पुरी खाईल कशी?"

मग त्याच पुढे म्हणाल्या, "शाळेत जात नाही अशी कोणी रस्त्यात सापडते का बघू या. कोणाची का असेना. देवी काही पासपोर्ट बघत नाही."

"आई, रस्त्यात कोणी सापडणार नाही. इथे कर्फ्यू आहे."

शरयूबाईंनी झटकन खिडकीचा पडदा ओढला. "काहून? दंगल झाली?"

"दंगल नाही हो. मुलांसाठी कर्फ्यू." शैलजाने फ्रिजवर चिकटवलेला कागद आणला. मुलगा निमिष शाळेतून घेऊन आला होता. ओक मेडोज नावाच्या त्यांच्या चिमुकल्या गावात पोरं शाळा बुडवून दुकानांच्या भिंती रंगवत हिंडायची, म्हणून दोनच महिन्यांपूर्वी नवा कायदा झाला होता. शाळेच्या दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी दीड, अठराच्या आतलं कोणीही आईबाप किंवा पालक बरोबर असल्याशिवाय बाहेर दिसायचं नाही. दिसलं तर पोलीस घरी आणून सोडणार आणि पालकांच्या हातात नोटीस ठेवणार.

"तिथी संपणार एक दहाला आणि पोरी सुटणार दीडला," शरयूबाई कागदाकडे बघत म्हणाल्या. "वा रे वा! आमच्या गावात एका साली खराखुरा कर्फ्यू होता, माहीत आहे? दिसेल त्याला दंडा. तेव्हा मी मागच्या भिंतीवरून शेजारच्यांची पोरगी उतरवून घेतली होती. खीर खाऊन भिंतीवरूनच परत गेली ती. हे तर नुसतं मुलांचं आहे."

आणि त्या चपला शोधायला लागल्या.

"आई, कुठे?"

"भिंत बघते."

शैलजाने दार अडवलं. अनोळखी पोरीला 'ये, जेवायला चल' म्हणणं ह्या देशात काय समजतात, हे सासूबाईंना सांगायचं कसं, ह्या विचाराने तिला घाम फुटला. नेमकी तेव्हाच अबोली जिन्यावरून खाली आली.

अबोली ही त्यांच्याकडे वरच्या खोलीत राहणारी सांगलीची मुलगी. संख्याशास्त्रात पीएचडी करत होती. वय चोवीस, उंची चार फूट नऊ इंच, वजन एकेचाळीस किलो, तेही दप्तरासकट. अमेरिकेत येताना विमानात हवाईसुंदरीने तिला रंगीत खडू आणि चित्रं रंगवायचं पुस्तक दिलं होतं. सिनेमाला गेली की खिडकीतला माणूस न विचारता लहान मुलांचं तिकीट फाडायचा. आपल्याला कोणीतरी एकदा मोठी माणूस म्हणावं ह्या एकाच जिद्दीवर ती पीएचडीपर्यंत आली होती, असं म्हटलं तरी चालेल. त्यात शरयूबाई आल्यापासून तिच्या केसांचा ताबा त्यांच्याकडे गेला होता. "काय गं हे केस, झाडू झालाय नुसता," असं म्हणून त्या रोज तिच्या डोक्यावर तेल थापत. आज सकाळी तर कुमारिकेसाठी आणलेल्या लाल रिबिनी 'लांबीला पुरतात का बघू' म्हणून त्यांनी अबोलीच्याच दोन वेण्या घालून त्यांना बांधल्या होत्या. त्या सोडायच्या राहून गेल्या होत्या.

शैलजाचे डोळे चमकले. "आई, अबोली! तिचं कुठे लग्न झालंय? कुमारिकाच आहे की ही."

शरयूबाईंनी अबोलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चोवीस वर्षांची घोडी ही! कुमारिका दहाच्या आत लागते. फार तर बारा धर. तेरावं लागलं की मी हात जोडते."

"थँक यू आजी," अबोली मनापासून म्हणाली. "मला कोणीतरी घोडी म्हटलं. आईला फोन करून सांगते."

एवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला. फोनाफोनीच्या नादात शेवयांची खीर पातेल्याला लागली होती. चांगली काळी ठिक्कर. घरात दुसरं दूध नव्हतं.

"देवीला करपलेली खीर?" शरयूबाईंचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "आधीच पोरगी नाही. त्यात खीरही नाही. एकेचाळीस वर्षांत असं कधी..." त्या पातेलं घेऊन सिंकपाशी गेल्या आणि जोरजोरात घासायला लागल्या.

शैलजाला घर सोडता येत नव्हतं. सासूबाईंनी 'भिंत बघायला' केव्हा धूम ठोकली असती, सांगता येत नव्हतं. तेव्हा सव्वाबारा वाजता कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला अबोली निघाली. पाच मिनिटांचा रस्ता. पायात फुलाफुलांचे बूट, पाठीवर सॅक, डोक्याला तेल, लाल रिबिनीच्या दोन वेण्या. ओक मेडोजच्या रस्त्यावर त्या वेळी चालणारी ती एकटीच होती. तिथे मोठी माणसंही गाडीशिवाय पाऊल टाकत नाहीत.

दूध घेऊन परत येताना तिच्या शेजारी पोलिसांची गाडी हळूच येऊन थांबली. आतून ऑफिसर रामिरेझ उतरली. पन्नाशीची, चांगली थोराड, चेहऱ्यावर चार पोरं वाढवल्याचा शांतपणा. पुढचं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं.

"आज शाळा नाही का, बेटा?"

"आज मला क्लास नाही," अबोली म्हणाली.

"असं? आणि बाकीच्या सगळ्या मुलांना आहे?"

"ऑफिसर, मी चोवीस वर्षांची आहे."

"काल एक जण स्वतःला एकोणतीस वर्षांचा म्हणवत होता," रामिरेझ म्हणाली. "त्याच्या दातांना तारा होत्या. ओळखपत्र आहे?"

ओळखपत्र खोलीत होतं. पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये होता, कारण 'पासपोर्ट अंगावर घेऊन हिंडायचं नाही' असं वडिलांनी मुंबईच्या विमानतळावर तीनदा बजावलं होतं.

"आई-बाबा कुठे असतात?"

"सांगलीला."

"ते कुठे आलं?"

"इंडियात."

रामिरेझ जरा मऊ झाली. "मग इथे कोणाजवळ राहतेस?"

"काका, काकू आणि आजी," अबोली सवयीने बोलून गेली आणि तिथेच फसली. काका तिचा काका नव्हता, आजी तिची आजी नव्हती. पण घरमालकाला नावाने हाक मारायची म्हणजे सांगलीच्या जिभेवर फोड यायचे. आता हे सगळं फुटपाथवर उभं राहून समजावण्यात अर्थ नव्हता.

"चल, आजीकडे सोडते तुला," रामिरेझ म्हणाली आणि तिने गाडीचं मागचं दार उघडलं. "बेल्ट लाव."

इकडे घरी शैलजा दोन मिनिटांसाठी भाजी ढवळायला आत गेली होती. परत येते तो पुढचं दार सताड उघडं. शरयूबाई अंगणातल्या हिरवळीवर, हातात पुऱ्यांचं ताट. समोरून एक गोरी बाई बाबागाडी ढकलत येत होती. बाबागाडीत दोन वर्षांचं गोंडस पोर, डोक्यावर गुलाबी टोपडं. गुलाबी म्हणजे मुलगीच, आणि दातही दिसत होते!

"कम, कम!" शरयूबाई ताट पुढे करून म्हणाल्या. "गर्ल! ईट!"

बाई थबकली. ताटाकडे पाहिलं, शरयूबाईंच्या डोळ्यातल्या निर्धाराकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटली आणि बाबागाडी जागच्या जागी वळवून जवळजवळ पळतच सुटली. पळता पळता तिने पर्समधून फोन काढला.

"आई! अहो काय केलंत हे! ती आता पोलिसांना फोन करणार!"

"मी काय केलं? जेवायलाच बोलावलं ना? चोरी केली?"

"इथे चोरी परवडली!" शैलजाने त्यांना आत ओढलं, दार लावलं, कडी घातली आणि पाण्याचा ग्लास घेऊन मटकन खाली बसली. राजेशला तुरुंगातून फोन करायचा तर तो मीटिंगमध्ये असेल, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला.

बारा चाळीसला बेल वाजली. शैलजाने फटीतून पाहिलं. दारात पोलीस.

तिने दार उघडलं आणि समोरची काही बोलायच्या आत सुरू केलं, "मॅडम, माझ्या सासूबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं हो! त्यांना फक्त एक लहान मुलगी हवी होती."

ऑफिसर रामिरेझची भुवई वर गेली. "लहान मुलगी? कशासाठी?"

"पाय धुवायला. म्हणजे सासूबाई धुणार. मुलीचे. आणि मग जेवण."

"कोण कोणाला जेवणार?" रामिरेझने सावकाश विचारलं. तिचा हात कमरेच्या वायरलेसकडे गेला होता.

"मुलगी! मुलगी खीर जेवणार!" शैलजा रडकुंडीला आली.

तेवढ्यात रामिरेझच्या पाठीमागून दुधाचा कॅन पुढे आला आणि त्याच्यामागून दोन वेण्या. "काकू, प्लीज, आधी ह्यांना सांगा की मी चोवीस वर्षांची आहे."

शैलजाला आधी काही कळेना, मग जीव भांड्यात पडला आणि मग परत वर आला, कारण रामिरेझने एक पॅड काढलं होतं.

"ही तुमच्याकडे राहते?"

"हो, पण..."

"आईवडील इथे नाहीत. मग हिची जबाबदारी कोणाची?"

"काय विचारून राहिली ती?" शरयूबाई पुढे आल्या.

"विचारतायत, अबोलीची जबाबदारी कोणाची."

"माझी," शरयूबाई एका क्षणात म्हणाल्या. "पोरगी घरात राहते, मी तिला तेल लावते, मग माझी नाही तर कोणाची? सांग तिला."

शैलजाने सांगितलं. रामिरेझने मान हलवून 'पालक: आजी' असं लिहिलं आणि बाकीची नोटीस भरली. मग आत यायला पाऊल उचललं, तशा शरयूबाईंनी तिच्या बुटांकडे बोट दाखवलं.

"बूट बाहेर. आत देव मांडलेत."

बूट काढायची रामिरेझला परवानगी नव्हती. म्हणून ती उंबऱ्यावरच उभी राहिली आणि नोटिशीची पिवळी प्रत तिथूनच पुढे केली. "इथे सही करा. आजींची."

"काय लिहिलंय?" शरयूबाईंनी विचारलं.

शैलजा वाचायला लागली, "शाळेच्या वेळात रस्त्यावर आढळली. नाव अबोली. वय अंदाजे..." ती थांबली. तिने परत वाचलं. "अंदाजे बारा."

शरयूबाईंनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"बारा म्हणजे, आकड्यात बारा?"

"हो."

"शिक्का आहे?"

"आहे, आई. गावाचा आहे."

"सरकारनं लिहून दिलं बाप्पा!" शरयूबाई म्हणाल्या. त्यांनी रामिरेझचं पेन घेतलं, 'शरयू जगन्नाथ मुळावकर' अशी झोकदार देवनागरी सही ठोकली आणि घड्याळाकडे पाहिलं. बारा अठ्ठेचाळीस. "शैलजा, दूध तापव. मायक्रोवेव्हमध्ये तापव, चालतं. शेवया भाजलेल्या आहेत. अबोली, बस पाटावर."

पण अबोली जागेवर नव्हती. ती जिन्यावरून धाड धाड वर गेली होती. परत आली ती हातात प्लास्टिकची जाडजूड फाइल घेऊन. परदेशी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाकडे असते तीच. दहावीच्या मार्कलिस्टपासून पासपोर्टच्या झेरॉक्सपर्यंत तिचं सगळं आयुष्य त्यात तारीखवार लावलेलं होतं.

"ऑफिसर, हे बघा," ती धापा टाकत म्हणाली. "माझी जन्मतारीख. माझी डिग्री. माझी दुसरी डिग्री."

शरयूबाई जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं डोकं अबोलीच्या खांद्याशी येत होतं, कारण अबोली दोन पायऱ्या वर होती.

"अबोली," त्या म्हणाल्या, "आधी जेव. मग मोठी हो."

"आजी, पण मी खरंच..."

"माहीत आहे मला. मीच म्हटलं ना सकाळी घोडी? पण ह्या घटकेला सगळ्या गावात एकच पोरगी बारा वर्षांची आहे, आणि ती तू आहेस." त्यांचे डोळे भरून आले. "माझा पोरगा हातात निळा पडला होता गं. मी बोलले आणि तो रडला. त्या रडण्यासाठी मी एकेचाळीस वर्षं पोरींचे पाय धुतले. आज चुकलं तर मला रात्री झोप लागायची नाही. तुला वीस मिनिटं लहान राहायला काय होतं?"

अबोलीने हातातल्या फाइलकडे पाहिलं. आयुष्यभर ती ह्या एकाच गोष्टीसाठी भांडत आली होती आणि आज पहिल्यांदा तिच्याजवळ सगळे कागद होते. मग तिने फाइल पायरीवर ठेवली.

उंबऱ्यावरून रामिरेझने विचारलं, "काय चाललंय?"

शैलजाने सगळं सांगितलं. आजारी बाळ, नवस, अष्टमी, शनिवारची चूक, एक वाजून दहा मिनिटं.

"म्हणजे," रामिरेझ विचार करत म्हणाली, "ते कागद मी आत्ता पाहिले तर ही चोवीस वर्षांची."

"हो."

"आणि नाही पाहिले तर?"

"बारा."

रामिरेझने पाटाकडे पाहिलं, रांगोळीकडे पाहिलं, मग शरयूबाईंकडे पाहिलं. "मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही," ती म्हणाली. "चष्मा गाडीत राहिलाय. आणायला वीस मिनिटं लागतील."

गाडी दारातच उभी होती, आणि नोटीस तिने चष्म्याशिवायच लिहिली होती. पण हे बोलून दाखवण्याइतकं मूर्ख त्या घरात कोणी नव्हतं.

मग काय, नुसती धावपळ. शैलजाने दूध तापवलं, उकळलं, शेवया टाकल्या, साखर टाकली. शरयूबाईंनी अबोलीचे फुलाफुलांचे बूट स्वतःच्या हातांनी काढले, तिचे पाय परातीत घेऊन धुतले, पुसले, हळदीकुंकू लावलं, वेणीत गजरा माळला. अबोलीला आधी गुदगुल्या होत होत्या. मग शरयूबाईंनी तिच्या पावलांवर डोकं टेकलं तेव्हा मात्र तिला कुठे बघावं कळेना, आणि तिने हळूच नाक पुसलं.

एक वाजून सहा मिनिटांनी खिरीचा पहिला घास अबोलीच्या तोंडात गेला. तोंड पोळलं, पण ती गिळून मोकळी झाली. मग पुरी, भाजी, परत खीर. "अजून एक," शरयूबाई म्हणाल्या. "बारा वर्षांची पोर एवढं खाते." बारा वर्षांच्या पोरीने पाच पुऱ्या खाल्ल्या. घड्याळात एक दहा झाले आणि शरयूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून घेतले.

फोन वाजला. राजेश होता. "मीटिंग संपली. काय ठरलं मग, शनिवारी ना?"

"तू बरा आहेस ना?" शैलजाने विचारलं.

"मला काय झालंय?"

"काही नाही. तेच," शैलजा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

एक वाजून बारा मिनिटांनी ऑफिसर रामिरेझ नाकावर चष्मा चढवून उंबऱ्यावर परत आली. अबोली हात धुऊन, फाइल घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. रामिरेझने झेरॉक्स पाहिली, मार्कलिस्ट पाहिली, दोन्ही डिग्र्या पाहिल्या. मग तिने आपल्याकडच्या प्रतीवर बाराचा आकडा खोडला, वर चोवीस लिहिलं, खाली 'रद्द' लिहिलं आणि अबोलीशी हस्तांदोलन केलं. "सॉरी, मॅम," ती म्हणाली.

मॅम! अबोलीचा चेहरा असा फुलला की तो बघायला तिचे प्रोफेसर हवे होते.

पिवळी प्रत परत द्या, असं रामिरेझ म्हणाली, पण ती मिळाली नाही. शरयूबाईंनी केव्हाच ती घडी घालून देव्हाऱ्यात देवीच्या पाटाखाली सरकवली होती. "अमरावतीला नेणार," त्या म्हणाल्या. "गुरुजींना दाखवायला लागेल." मग त्यांनी चष्मा पुसला आणि रामिरेझच्या हातातल्या कागदाकडे मान लांब केली. "आता किती लिहिलं गं तिनं?"

"चोवीस, आई."

"चोवीस!" शरयूबाईंनी कपाळावर हात मारला. "चोवीस पूर्ण झाली आणि अजून कुठं बघणं नाही, दाखवणं नाही? पोरगी हातची निघून चालली की! शैलजा, विचार बरं तिला, पोलिसात कोणी शिकलेला, उंचीनं जरा बेताचा मुलगा आहे का."

अबोली मोठी होऊन अजून दोन मिनिटंही झाली नव्हती.

"काय म्हणतायत आजी?" रामिरेझने हसून विचारलं.

शैलजाने एकदा अबोलीकडे पाहिलं. "थँक यू म्हणतायत," ती म्हणाली आणि तिने रामिरेझच्या हातात खिरीची वाटी दिली.